डोंग्यात बसलेला वाघ

"वाघ! आपल्या तलावावर वाघ आलेला आहे!"

प्रफुलभाऊंनी माइकमध्ये असा आवाज चढवला की समाजमंदिरावरचा कर्णा किंचाळला आणि बाहेर खिडकीच्या गजांना लोंबकळणारा राजदीप धपकन खाली पडला.

"मेला का बे?" निकेशनं खाली वाकून विचारलं.

"नाई. पण आता ऐकू नाई येऊन राह्यलं. काय म्हणते तो?"

"तुम्ही दोघं गप्प राहता का?" संघप्रियानं दटावलं. तिचा कान गजांना चिकटला होता.

दिवाळीची सुट्टी लागली होती. संघप्रिया आणि निकेश आठवीत, एकाच वर्गात. राजदीप संघप्रियाचा चुलतभाऊ, पाचवीतला. अंगानं काडी, पण तोंडाचा पट्टा असा की बंदच होत नाही. मंडळाच्या सभेत पोरांना मज्जाव, म्हणून तिघं खिडकीला.

आत प्रफुलभाऊ माइकवरची खास पुस्तकी भाषा बोलत होते. "ठसे स्पष्ट आहेत! त्यामुळे उद्यापासून तलाव बंद. रविवारी उत्कृष्ट गट निवडायला जिल्ह्याची समिती येत आहे. आपला निसर्ग गट जिल्ह्यात पहिला येणार! तोवर कोणीही पाण्यात उतरायचं नाही. विशेषतः शिंगाडा गटाच्या बायांनी!"

टाळ्या पडल्या. संघप्रियानं मात्र कान गजांवरून काढला. शिंगाडा गट म्हणजे तिची आई.

पोंभुर्ण्याच्या बाजूला, जंगलाला खेटून चिचहेटी वसलेली. तिथल्या ग्रामविकास मंडळात गट किती, तर जेवढे बॅनर तेवढे! भजन गटाचा बॅनर होता, भजन नव्हतं. योग गटानं एका सकाळी सतरंज्या अंथरून फोटो काढला, मग त्या सतरंज्या अध्यक्षांच्या घरच्या लग्नाला गेल्या त्या गेल्याच. वाचन गटाच्या कपाटाची किल्ली कुठे आहे असं विचारलं की सगळे सभासद छताकडे बघायचे. नाट्य गट तेवढा दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावची जत्रा, जवळ आली की जागा व्हायचा, कारण मंडईत नाटक झालं की टाळ्या मिळतात.

आणि या सगळ्यांत थोर निसर्ग गट! प्रफुलभाऊ त्याचे प्रमुख. उन्हाळ्यात ही मंडळी मोहर्लीला वनखात्याच्या, जनावरांचे ठसे ओळखायच्या प्रशिक्षणाला जाऊन आली. येताना खाकी जाकिटं शिवून घेतली. जाकिटाला खिसे बख्खळ, आणि प्रत्येक खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी. पक्षीगणना त्यांनी पानठेल्यावर बसून केली. तिच्यात पेंग्विन तेवढा यायचा राहिला.

शिंगाडा गटाला बॅनर नव्हता. मागच्या वर्षी संघप्रियाची आई रुखमा सात-आठ बायांना घेऊन मंडळात गेली आणि गावतलाव मागितला. वेली लावू, शिंगाडे काढू. मंडळ पोट धरून हसलं. बाया हरणार याची सगळ्यांना एवढी खात्री की हसता हसता हो म्हटलं गेलं. अट अशी: पीक निघालं तर तलाव कायमचा बायांचा. नाही निघालं तर तो निसर्ग गटाचा. तिथं प्रफुलभाऊंना बदकाच्या आकाराच्या नावा फिरवायच्या होत्या.

बायांनी छातीएवढ्या पाण्यात उभं राहून वेली लावल्या. पावसाळाभर शेवाळ काढलं. आता तलाव हिरवागार झाकला होता, पानांखाली शिंगाडे धरले होते, आणि नेमका वाघ आला!

"वाघालेबी निसर्ग गटानंच आवतन देल्लं असंल," म्हातारी बुधरी माय रुखमाच्या ओट्यावर बसून म्हणाली. ती शिंगाडा गटातली सगळ्यात वयस्क बाई. गोंडी घरातली, जंगलात वाढलेली.

रुखमा हसली नाही. "मायबाई, पिकलेला शिंगाडा वेलाले धरून बसत नाई. देठ सुटला का गेला चिखलात. रविवारपावतर थांबलो तं वर काय राहीन? नुसता पाला!"

"मंग उतरू ना आई!" संघप्रिया उसळली. "मले तं हा वाघच खोटा वाटते."

"तुले वाटते." रुखमानं तिच्याकडे रोखून पाहिलं. "अन् खरा निघाला तं? माझ्या शब्दावर सात बाया पाण्यात उतरतील. त्याहीचा जीव मी तुले वाटते म्हणून टाकू का?"

या भागात वाघाची मस्करी कुणी करत नाही. दारापुढच्या अंगणात बसलेला निकेश मान खाली घालून काडीनं मातीत रेघा ओढत होता. दोन उन्हाळ्यांपूर्वी मोहफुलं वेचायला गेलेले त्याचे बाबा घरी आले नव्हते.

रुखमाचं लक्ष त्याच्याकडे गेलं. मग आतून चिवड्याचं ताट आणून तिनं त्याच्यापुढे ठेवलं.

निकेशनं चिवड्याला हात लावला नाही. तो उठला. "काकू, मी ठसे पाहून येतो."

दुपारी तलावाच्या पाळीवर दोरी बांधलेली होती. दोरीला पाटी: 'प्रवेश बंद. व्याघ्र क्षेत्र.' पहाऱ्यावर निसर्ग गटाचा दिनेश. तो झाडाच्या बुंध्याला टेकून झोपला होता. शिट्टी तोंडात तशीच, त्यामुळे घोरला की शिट्टी वाजायची.

"वा रे पहारा!" राजदीप कुजबुजला. "वाघ आला तं शिट्टीसकट गिळंल!"

तिघं दोरीखालून सरपटत गेले. ओलसर मातीत ठसे होते, एकामागे एक, प्रत्येकाभोवती चुन्याचं गोल कडं. एका कड्यात गावातलं लाल कुत्रं अंगाची वळकटी करून मजेत पडलं होतं.

"कुत्रं इथी झोपलं?" संघप्रियानं डोळे बारीक केले. "वाघाच्या वासावर?"

निकेश उकिडवा बसला. बाबा गेले तेव्हा वनखात्याची माणसं ठशांमागे हिंडत होती आणि हा मुलगा त्यांच्यामागे. रोज. कुणी हाकललं तरी पुन्हा यायचा. कोणत्या वाघानं बापाला नेलं ते त्याला समजून घ्यायचं होतं. रागानं शिकलेली गोष्ट माणूस विसरत नाही.

तो एका ठशावरून दुसऱ्यावर गेला, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. शेवटच्या ठशाशी थांबला आणि वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहून संघप्रिया दचकली.

"हा डावा मागचा पाय," तो म्हणाला. "हाबी डावा मागचा. अन् हाबी. अन् तोबी!"

"म्हंजे?"

"म्हंजे वाघाले चार पाय राह्यते, संघप्रिया! पुढचे पंजे मोठे अन् रुंद, मागचे लांबट. याले एकच पाय हाय. एका पायावर टुणटुण उड्या मारत आला का हा?"

राजदीपनं लगेच एका पायावर लंगडी घालून दाखवली. "डर्र! मी चिचहेटीचा वाघ! मले खर्रा द्या!"

हसू दाबता दाबता संघप्रियाच्या डोळ्यांत पाणी आलं. निकेश हसत नव्हता. त्यानं आपल्या मामाचा फोन आणला होता. त्यावर त्यानं सगळ्या ठशांचे फोटो काढले.

तिघं धावतच अध्यक्ष मुखरूभाऊंकडे गेले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, पांढरे बूट. मुखरूभाऊ अंगणात खुर्चीवर बसून कान कोरत होते.

"भाऊ, तलावावरचे ठसे खोटे हायेत," संघप्रियानं सांगितलं. "सगळे एकाच पायाचे हायेत. निकेशनं पाह्यले."

"निकेश कोणत्या गटात हाय?"

"कोणत्याच नाई."

"गटात नाई अन् बोलते? प्रशिक्षण झालं का त्याचं? सर्टिफिकेट हाय?"

"भाऊ, मोजाले सर्टिफिकेट कायले पाह्यजे? वाघाले पाय चार राह्यते!"

"हे पाह्य, पोरी." मुखरूभाऊंनी कानातली काडी बाहेर काढून तिच्याकडे रोखली. "तुह्या आईचा माल बुडून राह्यला म्हणून तुमाले वाघ खोटा दिसते. मोठ्याईच्या गटात पोट्ट्याहीनं बोलू नये. जा, फटाके फोडा!"

बाहेर आल्यावर राजदीपनं रस्त्यावरच्या दगडाला लाथ मारली. निकेश म्हणाला, "वनरक्षक नीलिमा मॅडमचा नंबर मामाच्या फोनात हाय. बाबाच्या वेळंस त्याच आल्या होत्या."

फोन लागला. निकेशनं सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "वाघ? तुमच्या तलावावर? मला कुणीच कळवलं नाही! फोटो पाठव."

थोड्याच वेळात त्यांचा फोन पुन्हा आला आणि या वेळी त्या चांगल्याच तापलेल्या होत्या. "हा वाघ नाही, हा वात्रटपणा आहे. पण ठसे केले कुणी हे फोटोवरून सिद्ध होत नाही. उद्या ते म्हणतील, पोरांनीच केले! रविवारी समितीसमोर मी येते. तोवर तलावाकडे एकटे फिरू नका. हा खोटा असला तरी जंगलातले खरे आहेत."

"पोरांनीच केले म्हणतील," संघप्रिया पुटपुटली. ती चिंचेच्या पारावर टेकली. मग एकदम म्हणाली, "राजदीप, तुले खोटं बोलता येते?"

"मी नाट्य गटात दोनदा मेलेला मुलगा झालो हाय!"

"मंग आता जित्ता हो. आपण निसर्ग गटाले सांगू वाघ कुठी गेला ते. आपण सांगू तिथी ठसे उमटले तं समजाचं, वाघ कोण हाय!"

संध्याकाळी पानठेल्यावर गर्दी होती. राजदीप धापा टाकत आला. डोळे वटारलेले, केस उभे.

"प्रफुलभाऊ! म्या... म्या वाघ पाह्यला! नाटकाच्या स्टेजवर चढला! मधोमध उभा राह्यला अन् असा पाह्यला चहूकडं!"

प्रफुलभाऊंचा खर्रा घोळवणारा हात थांबला. त्यांनी राजदीपला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पोरगं फेकतंय हे न कळायला माणूस मूर्ख लागतो, आणि प्रफुलभाऊ तेवढे मूर्ख नव्हते. ते त्याहून वाईट होते. त्यांना ती फेक आवडली.

"मले माहीत होतं!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "मी अंदाज बांधलाच होता! वाघ आता गावाकडं सरकून राह्यला!"

सकाळी मंडईसाठी ताज्या शेणमातीनं सारवलेल्या स्टेजवर ठशांची रांग उमटलेली होती. डावा मागचा, डावा मागचा, डावा मागचा. स्टेज खराब केला म्हणून नाट्य गटानं बोंब ठोकायला हवी होती. पण तेही ठशांशेजारी बसून फोटो काढत होते! दुपारपर्यंत मंडळाच्या ग्रुपवर मजकूर फिरला: 'कलेच्या मंचावर व्याघ्रराजांचे आगमन!'

"आता कळलं?" संघप्रिया म्हणाली.

"कळलं. पण हे खरंच झालं असंल असंबी म्हणता येते," निकेश म्हणाला. "स्टेजवर वाघ चढू शकते."

"मंग असं ठिकाण सांगू जिथी वाघ चढूच शकत नाई!"

तिघांनी एकाच वेळी तलावाकडे पाहिलं. काठाला बायांचा डोंगा बांधलेला होता. लाकूड कोरून केलेली लांबट, अरुंद होडी. ती इतकी हलकट की बुधरी मायसुद्धा तिच्यात बसायच्या आधी तिला शिव्या घालून घ्यायची. जरा कुठे तोल गेला की माणूस पाण्यात.

त्याच काठावर दोरीअलीकडे रुखमा बसलेली होती. रोज संध्याकाळी ती तशी येऊन बसायची. वेलींकडे बघत. वरवर सगळं हिरवं होतं, पण तिला माहीत होतं, खाली एकेक देठ सुटतोय. तिनं संघप्रियाला पाहिलं आणि पदरानं तोंड पुसलं. संघप्रियानं राजदीपच्या पाठीत धपाटा घातला.

"जा! पळ पानठेल्यावर!"

राजदीपनं या खेपेला कमाल केली. वाघ डोंग्यात कसा चढला, पुढच्या टोकाला कसा बसला, शेपटी पाण्यात कशी सोडली, सगळं साभिनय! पानठेल्यावरची माणसं हसू दाबत एकमेकांना कोपरं मारायला लागली. प्रफुलभाऊंनी मात्र डोळे मिटले. त्यांना बहुतेक बॅनर दिसत होता.

"टेहळणी," ते गंभीरपणे म्हणाले. "वाघ टेहळणी करून राह्यला."

रविवार उजाडला. कर्णा लागला, रांगोळ्या पडल्या. समितीच्या गाडीतून एक बाई आणि दोन गृहस्थ उतरले. मुखरूभाऊंनी हार घातले, प्रफुलभाऊंनी जाकिटाचे सगळे खिसे बंद केले, आणि अख्खं गाव तलावाकडे निघालं. नीलिमा मॅडम मोटारसायकलवरून आल्या आणि शांतपणे गर्दीच्या मागे उभ्या राहिल्या.

"हे बघा!" प्रफुलभाऊंनी वेताची छडी फिरवली. "पाळीवरून वाघ आला. इथं थांबला. मग जगात कुठेही न आढळणारी गोष्ट घडली. वाघ नौकेत बसला!"

डोंग्यात चिखलाचे ठसे होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका ओळीत, व्यवस्थित. समितीच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला. "अद्भुत!" एक गृहस्थ म्हणाले आणि फोटो काढायला वाकले.

"भाऊ, एक विचारू का?" राजदीपनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"विचार बाळा! पोरांत निसर्गाची आवड पाहिजे!"

"वाघ डोंग्यात बसला तवा डोंगा पलटला काऊन नाई?"

"वाघाचा तोल उत्तम असतो."

"पण भाऊ, आमची बुधरी माय बसली तरी हा डोंगा हेलकावते. वाघ तं बुधरी मायहून जड असंल ना!"

"दोन बुधऱ्या तं होईनच!" मागून म्हातारी ओरडली. हशा पिकला.

प्रफुलभाऊंचे कान लाल झाले. "हा डोंगा एकदम पक्का आहे! बघा, मी स्वतः दाखवतो!" आणि त्यांनी छाती पुढे काढून डोंग्यात पाय ठेवला. एक पाय गेला. दुसरा उचलला. डोंगा डावीकडे गेला, प्रफुलभाऊ उजवीकडे. धप्प! निसर्ग गटाचे प्रमुख शिंगाड्याच्या वेलीत बसले होते. डोक्यावर पान, आणि सगळ्या खिशांतून पाणी.

हसून हसून गाव लोळायला आलं. संघप्रिया तेवढी पुढे झाली. तिचा आवाज फुटला तो खणखणीत.

"नीलिमा मॅडम, आता तुम्ही पाहा! पाळीवर पाहा, स्टेजवर पाहा, डोंग्यात पाहा. हा वाघ उजवा पाय कुठी ठेवते? पुढचे पंजे कुठी ठेवते?"

नीलिमा मॅडम गर्दीतून पुढे आल्या. ठशाशी बसल्या. बोटानं एका कडेला स्पर्श केला. "टाचेला ही खाच दिसते? हा साचा माझ्या ओळखीचा आहे. प्रशिक्षणात प्रत्येक गटाला आम्ही आठवण म्हणून एका वाघिणीच्या पायाचा प्लास्टरचा साचा दिला होता. डावा मागचा पाय." त्यांनी वर पाहिलं. "चिचहेटीचा साचा कुठे आहे?"

"शोकेसमध्ये!" मुखरूभाऊ अभिमानानं बोलून गेले. "समाजमंदिरात, ढालीशेजारी!"

बोलल्यावर त्यांना समजलं. पण तोवर राजदीप धूम पळाला होता.

तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत साचा होता. कुणी तो धुतलासुद्धा नव्हता! खोटं बोलायचं तरी नीट बोलावं, एवढीही मेहनत या लोकांना नको. बोटांच्या सांदीत स्टेजची वाळलेली शेणमाती आणि तिच्यावर तलावाचा काळा चिखल. मॅडमनी तो डोंग्यातल्या ठशावर ठेवला. खाचेला खाच लागली.

कुणीतरी हसलं, आणि पुन्हा सगळे हसायला लागले.

"हसता काऊन?"

निकेशचा आवाज होता. तो ओरडला नव्हता, तरी हसू जागच्या जागी थांबलं.

"माझा बाबा मोहफुलं वेचाले गेला होता. वाघ आला म्हणून कोणीतरी वरडलं, तवा हे अख्खं गाव काठ्या घेऊन धावलं. उशीर झाला, पण धावलं. उद्या मी वरडलो तं कोण येईन? तुम्ही याल का, प्रफुलभाऊ? का आधी विचाराल, कोणत्या गटाचा वाघ हाय म्हणून?"

पाण्यात बसलेल्या प्रफुलभाऊंना उठावं की बसावं ते सुचेना. त्यांच्या गटातली जाकिटं एकेक करून गर्दीत मागे सरकायला लागली. दिनेशनं शिट्टी हळूच खिशात टाकली.

समितीच्या बाईंनी हातातलं प्रमाणपत्र परत पिशवीत कोंबलं. त्यांनाही आपण घटकेपूर्वी तोंडावर हात ठेवला होता ते आठवत असावं. "या गटाचं नाव आम्ही वगळतो आहोत," एवढं म्हणून समिती चहा न घेताच गाडीत बसली. नीलिमा मॅडमनी साचा जप्त केला, प्रफुलभाऊंना दुसऱ्या दिवशी कार्यालयात बोलावलं आणि निकेशच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तू वरडलास तर मी येईन. माझा नंबर पाठ कर. फोनवर विसंबू नको." मग संघप्रियाकडे वळल्या. "आणि तू! खोट्या माणसाला खोटंच सांगून पकडायचं तुला सुचलं. आमच्या खात्यात ये मोठी झाली की!"

रुखमा मात्र केव्हाच दोरी तोडून पाण्यात उतरली होती. तिच्यामागे बाकीच्या बाया, साड्या खोचून. तिनं एक वेल उलटी केली, दुसरी केली. पहिलीवर चार शिंगाडे. दुसरीवर एकही नाही. तिसरीवर पुन्हा भरगच्च.

"गेलं का व सगळं?" काठावरून बुधरी मायनं विचारलं.

"अर्ध्यावर गेलं असंल!" रुखमा हसत होती. "अर्धं हाय, माय! हाय अजून! अन् गेलेलंबी चिखलात हाय. हातानं चाचपून काढलं तं बियाण्याले होते."

"तलाव कोणाचा?" संघप्रियानं काठावरून मोठ्यानं विचारलं, ते आईला नाही, मुखरूभाऊंना. "पीक तं निघालं. आता सांगा गावापुढं!"

मुखरूभाऊंनी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. "बायांचा," ते घुटमळत म्हणाले. "तलाव बायांचाच. मी तं आधीपासूनच म्हणत होतो..."

"तुम्ही आधीपासून कान कोरत होता!" राजदीप म्हणाला.

मग निसर्ग गटाची वरात निघाली. रुखमानं बोलावलंच तसं. "प्रफुलभाऊ, तुम्ही पाण्यातच हाय, तं आता उठू नका. गटालेबी बोलवा. तुमच्यापायी जे चिखलात गेलं ते काढून द्या." नाही म्हणायची सोय नव्हती, गाव अजून तिथंच होतं. जाकिटवाले एकामागे एक उतरले. गुडघाभर गाळात हात घालून चाचपायला लागले. शिंगाड्याला काटे असतात, हे त्यांना कोणत्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं.

"आई गं!" दिनेश किंचाळला.

"मेलो बाप्पा!" दुसरा किंचाळला.

"हळू चाचपा रे!" बुधरी माय काठावर बसून सूचना द्यायला लागली. "निसर्ग हाय तो, चावते!"

तिनं ओंजळभर ओले हिरवे शिंगाडे तिघा मुलांपुढे टाकले. "खा रे वाघहो! गावाची लाज राखली तुम्ही. मोठे म्हणवणारे सारे झोपले होते, तुमचेच डोळे उघडे होते." निकेशनं एक शिंगाडा दातांनी फोडला. त्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं कुणी पुढे ठेवलेलं काही खाल्लं.

मुखरूभाऊ अजून पाळीवर उभेच होते, पांढऱ्या बुटांना चिखल लागणार नाही अशा जागी. आता त्यांना माइक सापडला होता.

"गावकरीहो! चिचहेटीचं नाव या आपल्या लेकरांनी उज्ज्वल केलं आहे! मंडळातर्फे यांचा भव्य सत्कार होईल! यांचा एक नवीन बाल गट स्थापन होईल! मी स्वतः त्याचा बॅनर..."

संघप्रिया तोवर डोंग्यात चढली होती. डोंगा हेलकावला, तिनं गुडघे वाकवून तो सावरला. तिनं आईच्या हातातलं टोपलं घेतलं आणि पाळीकडे वळून म्हणाली,

"मुखरूभाऊ, पाण्यात या. कोरड्यावरून ऐकू नाई येत."

गाव पुन्हा हसलं. या खेपेला निकेशसुद्धा. मुखरूभाऊंनी हसणाऱ्यांकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. मग कुणीच मदतीला येत नाही असं दिसल्यावर ते खाली बसले आणि बुटाची नाडी सोडायला लागले.